पिकअप गाडीचे मोठे टायर घासणे : कारणे व उपाय

भोर व वेल्हे हे पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्य भागातील डोंगरी तालुके होत. वेल्हे तालुका आता राजगड या नावाने ओळखला जात असला तरी लोकांच्या बोलण्यात जुने नाव अद्याप रूढ आहे. या भागातील भात, भाजीपाला व दूध बाजारपेठेत पोहोचविण्याचे काम पूर्वी बैलगाडीकडे होते. आता त्यातील मोठा वाटा पिकअप गाडीने उचलला आहे. मार्गासनी, विंझर या बाजूने चेलाडी फाट्यावर येऊन, किंवा भोरहून कापूरहोळमार्गे महामार्ग गाठून, माल पुण्याच्या गुलटेकडी येथील मार्केट यार्डात जातो. गाडी एक दिवस बंद राहिली तर दूध नासते, भाजी सुकते आणि गाडीवर कर्ज असल्यास त्याचा हप्ताही अडतो. म्हणून गाडीची निगा ही आज शेतीच्या निगेचाच एक भाग झाली आहे.

अशा गाड्यांना मूळ मापापेक्षा मोठे टायर बसविण्याची प्रथा अलीकडे वाढलेली दिसते. टायर बसविल्यानंतर काही दिवसांतच गाडी वळविताना खरखर आवाज येऊ लागतो, मडगार्डचा पत्रा घासतो किंवा माल भरल्यावर मागील चाक खालून हौद्यास लागते. पुष्कळ वेळा मालक या आवाजाकडे दुर्लक्ष करतो किंवा हातोडीने पत्रा ठोकून घेतो. दोन्ही गोष्टी धोक्याच्या आहेत. टायर का घासतो, कोठे घासतो आणि त्यावर कोणता उपाय कोणत्या क्रमाने करावा, याचा विचार येथे केला आहे.

मोठ्या टायरचा मोह व त्यामागील हिशेब

लोहार बैलगाडीच्या चाकास लोखंडी धाव चढविण्यापूर्वी चाकाचा घेर मोजून घेत असे. धाव थोडी सैल झाली तर ती वाटेत निघून पडे व फार घट्ट झाली तर चाकाचा आकार बिघडे. मापावाचून धाव बसवावयाची नाही हा त्या कामाचा पहिला नियम होता. रबरी टायरलाही हाच नियम लागू आहे.

मोठे टायर बसविणाऱ्यांची अपेक्षा साधारणपणे अशी असते की गाडी उंच होईल, खडकाळ वाटेवर तळ लागणार नाही व चिखलातून गाडी सहज निघेल. ही अपेक्षा कितपत पुरी होते हे टायरवरील आकड्यांवरून काढता येते. टायरच्या बाजूवर २१५/७५ आर १५ असे लिहिलेले असते. यातील २१५ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये होय. ७५ याचा अर्थ असा की, टायरच्या बाजूची उंची त्या रुंदीच्या शेकडा ७५ आहे. 'आर' हे अक्षर रेडियल जातीचे टायर दर्शविते. १५ हा रिमचा व्यास इंचात दिलेला असतो.

आता हिशेब करू. रिमचा व्यास १५ इंच म्हणजे ३८१ मि.मी. टायरच्या बाजूची उंची २१५ च्या शेकडा ७५ म्हणजे १६१.२५ मि.मी. ही उंची वर व खाली दोनदा येते, म्हणून ३२२.५ मि.मी. दोन्ही मिळून टायरचा पूर्ण व्यास ७०३.५ मि.मी. झाला. त्याच रिमवर २३५/७५ आर १५ हे टायर बसविल्यास याच रीतीने व्यास ७३३.५ मि.मी. येतो. व्यास ३० मि.मी. वाढला. परंतु गाडीची उंची व्यासाने वाढत नाही. ती त्याच्या निम्म्याने, म्हणजे केवळ १५ मि.मी. वाढते. एका बोटाच्या रुंदीइतकाही हा लाभ नाही.

या अल्प लाभासाठी किती किंमत द्यावी लागते तेही पाहावे. टायर २० मि.मी. रुंद झाला, म्हणजे रिम तीच राहिल्यास तो आतील बाजूस सुमारे १० मि.मी. व बाहेरील बाजूस सुमारे १० मि.मी. सरकला. व्यास शेकडा ४ हून थोडा अधिक वाढला. त्यामुळे गतिमापक काटा ताशी ६० किलोमीटर दाखवीत असता गाडी प्रत्यक्षात सुमारे ६२.५ किलोमीटर वेगाने धावते. चाकाच्या ओढीचा जोर त्याच प्रमाणात घटतो. भरलेली गाडी घाट चढताना खालच्या गिअरमध्ये अधिक वेळ राहते व क्लचवर ताण येतो. ब्रेकवर तितकाच पाय दाबला तरी रस्त्यावर मिळणारा रोध तेवढाच कमी होतो. वरंधा घाट किंवा पाबे घाट माल भरून उतरणाऱ्या गाडीच्या बाबतीत ही गोष्ट क्षुल्लक मानता येणार नाही.

चिखलातून निघण्याचा गुण टायरच्या मापापेक्षा त्याच्या नक्षीवर अधिक अवलंबून असतो. खोल व मोकळ्या नक्षीचे, म्हणजे बोलीभाषेतील 'बटण' टायर मूळ मापातच घेतल्यास भातखाचराच्या वाटेवर पकड मिळते आणि घासण्याचा प्रश्नही उद्भवत नाही.

टायर कोठे घासतो

घासण्याच्या जागा ठरलेल्या असतात. प्रत्येक जागेचे कारण निराळे व उपायही निराळा असतो.

(१) पुढील चाक आतील बाजूस. स्टिअरिंग पूर्ण वळविल्यावर टायरची आतील कड पाट्यास, चेसिसच्या पट्टीस, टाय रॉडला किंवा ब्रेकच्या रबरी नळीस लागते. ही जागा सर्वांत घातक होय. नळी घासून फुटल्यास ब्रेकचे तेल गळते व नेमक्या वेळी ब्रेक निकामी होतो.

(२) पुढील चाक बाहेरील बाजूस. वळताना टायरचा पुढील कोपरा बंपरच्या टोकास व मागील कोपरा मडगार्डच्या आतील पत्र्यास किंवा प्लॅस्टिकच्या आवरणास लागतो. कमी खोलगट रिम किंवा चाकाआड बसविलेली जाड चकती यांनी चाक बाहेर येते व हा दोष वाढतो.

(३) मागील चाक वरील बाजूस. गाडी रिकामी असता सर्व ठीक दिसते. परंतु माल भरल्यावर पाटे दबतात आणि खड्ड्यात चाक उसळले की टायर हौद्याच्या तळास घासतो.

(४) मागील चाक आतील बाजूस. रुंद टायर पाट्यास किंवा यू-बोल्टच्या टोकास लागतो. टोकदार बोल्टने टायरच्या बाजूवर गोल चर पडतो.

टायरच्या बाजूचा भाग नक्षीच्या भागापेक्षा पातळ असतो व गाडीचा भार पेलताना तोच सतत वाकत असतो. तेथे चर पडून आतील दोरे दिसू लागले की ठिगळ लावून काम भागत नाही. असे टायर काढूनच टाकावे लागते. भरल्या गाडीचे पुढील टायर उतारावरील वळणात फुटले तर गाडी ताब्यात राहणे कठीण असते. म्हणून घासण्याचा आवाज ही पूर्वसूचना समजावी.

घासण्याची जागा शोधण्याची रीत

केवळ आवाजावरून जागा ठरवू नये. पुढील रीत सोपी असून तिला विशेष साधन लागत नाही.

प्रथम चाके व मडगार्डची आतील बाजू धुऊन कोरडी करावी. संशयित जागांवर, म्हणजे मडगार्डचा आतील पत्रा, पाट्याची कड, बंपरचा कोपरा व हौद्याचा तळ येथे कालविलेल्या चुन्याचा पातळ हात द्यावा व तो वाळू द्यावा. नंतर सपाट जागी गाडी अगदी मंद वेगाने एकदा पूर्ण डावीकडे व एकदा पूर्ण उजवीकडे वळवून चालवावी. ज्या जागेचा चुना पुसला गेला ती जागा घासते असे निश्चित समजावे.

दुसरी चाचणी माल भरून करावी. बाजारास नेतो तितकाच माल घ्यावा. पन्नास किलोची वीस पोती म्हणजे एक हजार किलो भार होतो. गाडीच्या मान्य क्षमतेपेक्षा तो अधिक नसावा. हौद्याचा तळ व टायरचा माथा यांतील अंतर रिकाम्या व भरल्या गाडीत मोजून लिहून ठेवावे.

तिसरी चाचणी एका बाजूचे चाक उंचावर असतानाची होय. एक पुढील चाक रुंद व भक्कम फळीवर किंवा रस्त्याच्या कडेच्या उंचवट्यावर सावकाश चढवावे व स्टिअरिंग दोन्ही बाजूंस वळवून पाहावे. डोंगरी वाटेवर चाके अशीच वरखाली होत असतात. सपाट जागी न घासणारे टायर येथे घासताना आढळते.

या तिन्ही चाचण्यांत टायर व कोणताही लोखंडी भाग यांच्यामध्ये निदान एक बोट आडवे जाईल इतकी मोकळी जागा राहावी. ब्रेकच्या नळीपासून याहून अधिक अंतर असावे.

गाडी उचलून पाहणी करावयाची असल्यास जमीन सपाट व टणक असावी, हातब्रेक लावलेला असावा आणि उरलेल्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे किंवा दगड लावलेले असावेत. केवळ जॅकच्या आधारावर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. चेसिसखाली भक्कम घोड्या लावल्यावरच खाली जावे.

टायरला दोष देण्यापूर्वी

कित्येकदा टायरचे माप योग्य असते व दोष गाडीत असतो. पुढील गोष्टी आधी तपासाव्यात.

पाट्यांना एकत्र धरणारा मधला बोल्ट तुटला की आंख पाट्यावरून मागे किंवा पुढे सरकतो व एका बाजूचे चाक मडगार्डजवळ जाते. याची परीक्षा फितीने होते. पाट्याच्या पुढील टोकाच्या खिळीपासून आंखाच्या मध्यापर्यंतचे अंतर डावीकडे व उजवीकडे मोजावे. दोन्ही अंतरे सारखी नसल्यास दोष तेथे आहे. सैल यू-बोल्ट, झिजलेले बुश, तुटलेला किंवा बसलेला पाटा, आणि चेसिसखालील रबरी ठोकळा गळून पडणे, हीही घासण्याची नेहमीची कारणे होत. हा रबरी ठोकळा चाकास ठराविक मर्यादेपलीकडे वर येऊ देत नाही. तो अल्प किमतीचा असतो. पण नसला तर पाटा व हौदा यांचा थेट आघात होतो.

गाडी एका बाजूस झुकलेली दिसत असल्यास मोठे टायर हे त्याचे कारण नव्हे, पाटेच पाहावेत. आणि मान्य क्षमतेहून अधिक माल भरल्यामुळे टायर घासत असेल तर त्यास दुरुस्ती नाही. माल कमी करणे हाच उपाय होय.

उपाय : कोणता आधी, कोणता नंतर

पहिला व सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे मूळ मापावर परत येणे. योग्य माप चालकाच्या दरवाजाजवळील पट्टीवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. नवे मोठे टायर फार झिजले नसतील तर विक्रेत्याकडे बदलून मिळतात का हे विचारून पाहावे. बदलताना होणारे नुकसान हे कापलेले टायर, पत्र्याचे काम व बंद गाडीचे दिवस यांच्या खर्चापेक्षा बहुधा कमीच भरते.

दुसरा उपाय किरकोळ अडथळे हलविण्याचा. टायर केवळ चिखलझडपेस, प्लॅस्टिकच्या आवरणास किंवा एखाद्या स्क्रूच्या टोकास लागत असेल तर ती वस्तू मागे घेऊन बसवावी, आवरणाची कड थोडी कापावी किंवा स्क्रू उलट बाजूने घालावा. येथे लोखंडी पत्रा कापण्याचा प्रश्न नाही.

तिसरा उपाय स्टिअरिंगचा अटकाव बोल्ट जुळविण्याचा. पुढील चाकाच्या आत असलेला हा बोल्ट चाक किती वळावे याची मर्यादा ठरवितो. तो थोडा बाहेर काढल्यास चाक पाट्यास लागण्यापूर्वी थांबते. परंतु यामुळे गाडीस वळण्यास जागा अधिक लागते. ज्या नागमोडी वळणावर गाडी पूर्वी एका दमात वळत असे तेथे आता मागे घ्यावी लागेल. घाटात, तोही पावसाळ्यात, गाडी मागे घेण्याची पाळी येणे इष्ट नाही. म्हणून हा उपाय अगदी थोड्या फरकासाठीच व जाणत्या कारागिराकडून करून घ्यावा. दोन्ही बाजूंचा अटकाव सारखा ठेवावा व नंतर चाकांची सरळ रेघ, म्हणजे व्हील अलाइनमेंट, तपासून घ्यावी.

चौथा उपाय बसलेले पाटे बदलण्याचा. पाट्यांनी आपला बाक सोडला असल्यास उत्पादकाने ठरविलेल्या मापाचे नवे पाटे घालावेत. जुना पाटा गॅसच्या ज्योतीने तापवून वाकविण्याची रीत सर्वस्वी टाळावी. त्यायोगे पोलादाचे पाणी उतरते व पाटा पुढे अचानक तुटतो.

पाचवा उपाय, म्हणजे ठोकळे किंवा लांब शॅकल घालून गाडी उंच करणे, हा बाजारात सहज सुचविला जातो. पण त्याची शिफारस करता येत नाही. गाडी उंच झाली की तिचा गुरुत्वमध्य वर जातो व दुधाचे कॅन किंवा भाजीचे क्रेट उंच रचलेली गाडी वळणावर उलटण्याचा धोका वाढतो. मागील शाफ्टचा कोन बदलून त्याचे सांधे लवकर झिजतात, ब्रेकच्या नळ्या ताणल्या जातात, स्टिअरिंगची जुळणी बिघडते व दिव्यांचा झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर जातो. पुढील आंखाखाली ठोकळा घालणे तर कोणत्याही परिस्थितीत वर्ज्य समजावे.

टाळावयाच्या गोष्टी

हातोडीने मडगार्ड ठोकणे किंवा पत्रा कापणे हा उपाय तात्पुरता ठरतो. पत्र्याचे जोड उकलतात, रंग उडतो आणि पश्चिम भागातील अतिवृष्टीत गंज वेगाने पसरतो. कापलेली धारदार कड पुन्हा टायरच कापते.

चाक बाहेर यावे म्हणून रिम व हब यांच्यामध्ये चकती घालू नये. चाकाच्या बोल्टची पकड कमी होते व बेअरिंगवर भार वाढतो. टायर घासू नये म्हणून हवा कमी ठेवणे हीही चूक होय. कमी हवेचे टायर बाजूस अधिक फुगते, तापते व लवकर फाटते. हवा टायर थंड असताना मोजावी व उत्पादकाने सांगितली तितकीच ठेवावी.

एकाच आंखावर दोन मापांची किंवा दोन जातींची टायर घालू नयेत. जुनी टायर स्वस्त मिळतात म्हणून घेताना त्यांच्यावरील चार आकडी खूण वाचावी. २३२४ अशी खूण असल्यास ते टायर २०२४ सालच्या २३ व्या आठवड्यात तयार झाले असे समजावे. मापाच्या पुढे दिलेला भारांकही पाहावा. १०० या भारांकाचे टायर योग्य हवेवर ८०० किलो भार पेलते. १०४ चे ९०० किलो व १०८ चे १००० किलो. मागील दोन टायरांची एकत्रित क्षमता ही मालाचा भार व गाडीचा त्या बाजूचा स्वतःचा भार यांच्या बेरजेहून अधिक असावी. केवळ आकाराने मोठे पण भारांकाने कमी असे टायर पिकअपला निरुपयोगी होय. मोटारगाडीसाठी बनविलेले रुंद टायर घेणारे येथेच फसतात.

कायद्याची बाजू

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ अन्वये, नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात ठरविलेल्या तपशिलाहून भिन्न होईल असा फेरफार वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका स्पष्ट केली आहे. यास्तव टायरचे माप बदलण्यापूर्वी ते त्या नमुन्याच्या गाडीसाठी उत्पादकाने मान्य केलेल्या मापांपैकी आहे किंवा नाही हे अधिकृत विक्रेत्याकडून समजून घ्यावे. अमान्य फेरफार केलेल्या गाडीस अपघात झाल्यास विम्याच्या मागणीस हरकत घेतली जाऊ शकते. मालक तेव्हा गाडी व भरपाई अशा दोहोंना मुकण्याचा संभव असतो.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

या विषयाचा प्रचार भाषणाने फारसा होणार नाही, प्रात्यक्षिकाने होईल. भाताची कापणी आटोपून वाहतूक सुरू होण्यापूर्वी, किंवा दूध संकलनाच्या ठिकाणी गाड्या एकत्र येतात अशा वेळी, चुना, फीत व हवामापक एवढ्या साहित्यावर चाचणीचा कार्यक्रम घेता येईल. प्रत्येक गाडीमागे पाच गोष्टींची नोंद करावी : उत्पादकाने दिलेले टायरचे माप, प्रत्यक्ष बसविलेले माप, भारांक, हवेचा दाब व घासण्याची जागा. दोन मापांत फरक आढळल्यास व्यासाचा हिशेब मालकासमोर मांडावा. उंचीतील लाभ किती अल्प आहे हे त्यास स्वतःच्याच गाडीवरून पटते. ब्रेकच्या नळीजवळ घासल्याची खूण दिसल्यास मात्र ती गाडी दुरुस्तीवाचून घाटात नेऊ नये असे मालकास स्पष्ट बजवावे.

सारांश, टायर घासणे हा स्वतंत्र रोग नव्हे. माप चुकल्याचे किंवा गाडीचा एखादा भाग झिजल्याचे ते लक्षण आहे. आधी मोजावे, भरल्या गाडीवर तपासावे, झिजलेला भाग बदलावा आणि मूळ मापाचे योग्य नक्षीचे टायर घालावे. पत्रा ठोकण्यास हातोडी उचलण्यापूर्वी फीत हाती घेतली, तर खर्च वाचेल, माल वेळेवर बाजारात पोहोचेल व गाडी चालविणारा सुखरूप घरी येईल.